मोजमापाची शिस्त : रक्तदाब आणि सागराची खोली

(अभ्यासलेख)



वार्षिक अहवालात रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया आणि जमाखर्च यांचे आकडे आपण दरवर्षी वाचता. हे आकडे ज्या लहान लहान आकड्यांवर उभे असतात, ते मात्र अहवालात कधी छापले जात नाहीत. ते रुग्णाच्या केसपेपरवर असतात : वजन, ताप, नाडी, रक्तातील साखर आणि रक्तदाब. परिचारिका '१५२/९४' असे लिहिते आणि त्या एका ओळीवरून कोणाला आयुष्यभराची गोळी सुरू होते, कोणाची शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, तर कोणाला 'काही काळजी नाही' असे सांगून घरी पाठवले जाते. हा आकडा कितपत विश्वासार्ह आहे आणि तो विश्वासार्ह राहावा म्हणून काय करावे लागते, याचा विचार या लेखात केला आहे.

या विचारासाठी आम्ही एक दूरचे वाटणारे उदाहरण सोबतीला घेतले आहे. ते म्हणजे ध्वनीच्या साहाय्याने समुद्राच्या तळाचे सर्वेक्षण. तुलना केवळ शोभेसाठी नाही. रक्तदाब मोजणारा आणि सागराची खोली मोजणारा, दोघांनाही दृष्टिआड असलेली वस्तू मोजावयाची असते. दोघेही बऱ्याच अंशी कानावर किंवा कानाची जागा घेणाऱ्या यंत्रावर विसंबतात. आणि दोघांच्याही चुकीची किंमत तिसराच कोणीतरी देतो. एके ठिकाणी तो नकाशावर विसंबणारा खलाशी असतो, दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांवर विसंबणारा रुग्ण. शिवाय आमच्या रुग्णालयात होणारी हृदयाची 'इको' तपासणी ज्या तत्त्वावर चालते, ते तत्त्व प्रथम समुद्रातच कामास आले. तो धागा पुढे येईलच.

१. दोरी आणि काचनळी

यंत्रे येण्यापूर्वी दोन्ही मापे थेट घेतली जात. जहाजावरून दोरीला शिशाचे वजन बांधून ते पाण्यात सोडीत आणि किती वाव दोरी गेली ते मोजीत. शिशाच्या तळाशी चरबी माखलेली असे, म्हणजे तळाची वाळू वा चिखल तिला चिकटून वर येई. उथळ पाण्यात ही रीत उत्तम होती. खोल समुद्रात मात्र वजन तळाला टेकल्याचे हाताला कळत नसे आणि प्रवाहामुळे दोरी तिरकी होऊन खोली वाजवीपेक्षा जास्त भरे. ब्रिटिश जहाज 'चॅलेंजर' १८७२ ते १८७६ या काळात जगभर फिरले आणि त्याने खोल समुद्रात सुमारे पाचशे ठिकाणी खोली मोजली. २३ मार्च १८७५ रोजी पश्चिम प्रशांत महासागरात त्याची दोरी ४,४७५ वाव, म्हणजे सुमारे ८,१८० मीटर, खाली गेली. अशा एकेका मापाला कित्येक तास लागत.

रक्तदाबाचे पहिले नोंदलेले मापही असेच थेट होते. इंग्लंडमधील धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी १७३३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका घोडीवरील प्रयोग वर्णिला आहे. तिच्या धमनीत पितळी नळी बसवून तिला त्यांनी लांब काचनळी जोडली. रक्त हृदयाच्या पातळीपासून ८ फूट ३ इंच उंच चढले आणि प्रत्येक ठोक्याबरोबर वरखाली होत राहिले. हेल्स यांनी उंची नुसती लिहिली नाही, ती हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या पातळीपासून मोजली असेही लिहिले. या बारकाव्याचे मोल पुढे स्पष्ट होईल.

इतकी उंच नळी रुग्णाशेजारी उभी करणे अशक्य होते. १८२८ साली फ्रान्समधील प्वाझेय यांनी रक्तापेक्षा कितीतरी जड असलेला पारा वापरून ही अडचण दूर केली. दाब आजही 'मिलिमीटर पारा' या एककात सांगितला जातो, त्याचे मूळ येथे आहे. मनुष्याच्या धमनीतील दाब प्रथम १८५६ साली लियाँ येथील शल्यचिकित्सक फेव्र यांनी अवयव काढण्याच्या शस्त्रक्रियेत मोजला. मांडीच्या धमनीला नळी जोडून त्यांना १२० मिलिमीटरच्या आसपास दाब आढळला. पण निरोगी माणसाची धमनी उघडून दाब मोजणे हा काही उपाय नव्हे. शरीराला जखम न करता आतला दाब जाणण्याची वाट शोधणे भाग होते.

२. ऐकून मोजणे

ती वाट ध्वनीने दाखवली, आणि समुद्राच्या बाबतीतही तसेच झाले.

पाण्यातून ध्वनी किती वेगाने जातो हे १८२६ साली कोलाडॉन आणि स्टुर्म यांनी जिनिव्हा सरोवरात मोजले. एका नावेखाली पाण्यात घंटा बांधली होती. घंटेवर टोला पडताच नावेत बारूद पेटे. सुमारे साडेतेरा किलोमीटरवरच्या दुसऱ्या नावेतील निरीक्षक उजेड दिसताच घड्याळ सुरू करी आणि पाण्यात बुडवलेल्या लांब कर्ण्यातून घंटेचा नाद कानी येताच ते थांबवी. वेग निघाला सेकंदाला १,४३५ मीटर. आजच्या मापाशी ताडता त्यात अर्ध्या टक्क्याचीही चूक नाही.

एप्रिल १९१२ मध्ये 'टायटॅनिक' बुडाल्यावर हिमनगाचा पूर्वसूचक शोधण्याच्या खटपटीला वेग आला. १९१४ साली रेजिनाल्ड फेसेंडेन यांनी अटलांटिकच्या ग्रँड बँक्स भागात हिमनगावरून आणि समुद्रतळावरूनही प्रतिध्वनी मिळवून दाखवला. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी स्फटिकाच्या चकतीतून माणसाच्या कानाला न ऐकू येणारा उच्च कंपनाचा ध्वनी निर्माण केला. युद्धानंतर जर्मनीचे 'मेटिओर' हे जहाज १९२५ ते १९२७ या काळात दक्षिण अटलांटिकमध्ये तेरा वेळा आरपार गेले आणि प्रतिध्वनीच्या रीतीने त्याने सदुसष्ट हजारांच्या आसपास मापे घेतली. 'चॅलेंजर'च्या पाचशे मापांशेजारी ही संख्या ठेवली की नव्या पद्धतीने काय साधले ते उमगते.

वैद्यकात १८९६ साली तुरिन येथे रीव्हा-रोच्ची यांनी दंडाभोवती फुगवण्याचा रबरी पट्टा आणला. पट्टा फुगवून मनगटाची नाडी बंद पाडावयाची आणि ती पुन्हा केव्हा लागते ते पाहावयाचे, अशी ती रीत होती. तिने फक्त वरचा दाब कळे. खालचा दाब कळू लागला तो १९०५ साली. सेंट पीटर्सबर्ग येथील शल्यचिकित्सक निकोलाय कोरोत्कॉव्ह यांनी युद्धात जखमी झालेल्या धमन्यांचा अभ्यास करताना धमनीवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकले. पट्ट्याचा दाब रक्तदाबाहून अधिक असतो तोवर शांतता असते. तो थोडा उतरला की प्रत्येक ठोक्यासरशी धमनी क्षणभर उघडते व मिटते, आणि 'टक् टक्' असा आवाज येतो. पट्टा आणखी सैल झाला की धमनी सदैव उघडी राहते आणि आवाज लोपतो. आवाज सुरू झाला तो वरचा दाब, लोपला तो खालचा. कोरोत्कॉव्ह यांनी ही पद्धत अवघ्या एका पानात मावेल इतक्या छोट्या निवेदनात मांडली. त्यानंतरच्या शतकात रक्तदाबासंबंधी जे थोर संशोधन झाले, त्यातील बहुतेक मापे याच आवाजावर घेतलेली आहेत.

३. शून्य कोठे धरावयाचे?

खोली आणि दाब या दोन्ही मापांना एक आरंभपातळी लागते. ती चुकली तर यंत्र कितीही भारी असो, आकडा चुकणारच.

समुद्राचा पृष्ठभाग स्थिर नसतो. मुंबईत मोठ्या उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील फरक सुमारे पाच मीटरपर्यंत जातो. सकाळी मोजलेली बारा मीटर खोली दुपारी आठ मीटर असू शकते. म्हणून नकाशावरील प्रत्येक खोली एका ठरावीक नीच पातळीपासून धरतात आणि मोजताना पाणी त्या पातळीच्या किती वर होते ते वजा करतात. त्यासाठी भरतीची अखंड नोंद हवी. मुंबईच्या अपोलो बंदरावर अशी नोंद १८७८ पासून ठेवली जात आली आहे.

यंत्राची पारख करण्याची सर्वेक्षकांची एक साधी रीत आहे. काम सुरू करण्यापूर्वी नौकेखाली मोजलेल्या साखळ्यांवर एक लोखंडी आडपट्टी पाच मीटरवर, मग दहा मीटरवर सोडतात. यंत्राने नेमके पाच आणि दहा दाखवले तरच दिवसाचे काम सुरू होते. याला कारण आहे. यंत्र खोली मोजत नाही, ते वेळ मोजते. प्रतिध्वनी परतण्यास लागलेला वेळ निम्मा करून ध्वनीच्या वेगाने गुणावयाचा, म्हणजे खोली मिळते. पाणी कोमट वा खारे असेल तर वेग वाढतो, गार वा गोडे असेल तर घटतो. प्रतिध्वनी एक दशांश सेकंदात परतला आणि वेग १,५०० मीटर धरला, तर खोली ७५ मीटर निघते. प्रत्यक्षात वेग १,५३० असेल तर खोली ७६.५ मीटर असते. दीड मीटरची ही चूक यंत्राच्या पडद्यावर कोठेही दिसत नाही.

रक्तदाबाची आरंभपातळी म्हणजे हृदय. दंड हृदयाच्या खाली असला तर रक्ताच्या स्तंभाचे वजन दाबात मिळते, वर असला तर वजा होते. पारा पाण्याच्या १३.६ पट जड आणि रक्त पाण्याहून किंचित जड, म्हणून दर सेंटिमीटरला साधारण पाऊण मिलिमीटर दाबाचा फरक पडतो. पट्टा हृदयाच्या तेरा सेंटिमीटर खाली असेल तर केवळ भौतिकशास्त्राच्या नियमाने दहा मिलिमीटर अधिक दाब दिसेल. २०२४ साली अमेरिकेत १३३ प्रौढांवर झालेल्या प्रयोगात हेच पडताळून पाहिले गेले. टेबलावर टेकवलेल्या हाताच्या तुलनेत हात मांडीवर असता वरचा दाब सरासरी ३.९ मिलिमीटर अधिक भरला, आणि हात बाजूला लोंबता असता ६.५ मिलिमीटर अधिक.

पट्ट्याच्या मापाची गोष्टही अशीच आहे. रीव्हा-रोच्ची यांचा पट्टा फार अरुंद होता, त्यामुळे दाब जास्त भरे. १९०१ साली फॉन रेकलिंगहाउसेन यांनी तो रुंद करविला. तरी प्रश्न पुरता सुटला नाही, कारण सर्वांचे दंड सारखे नसतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ज्यांना सर्वांत मोठा पट्टा हवा होता त्यांना नेहमीचा पट्टा बांधला असता वरचा दाब सरासरी १९.५ मिलिमीटर जास्त दिसला. म्हणजे ज्याचा खरा दाब १२५ आहे, त्याच्या केसपेपरवर १४४ लिहिले जाते आणि तो 'बी.पी.चा रुग्ण' ठरतो. उलट, बारीक दंडाला नेहमीचा पट्टा बांधला तर दाब कमी दिसतो आणि खरा रुग्ण निसटू शकतो.

४. मोजणाऱ्यामुळे बदलणारे माप

सर्वेक्षण करणारी नौका स्वतःच मापात भर वा घट करते. इंधन भरले की ती पाण्यात अधिक बुडते, उथळ पाण्यातून वेगाने जाताना ती आणखी खाली बसते, आणि तिच्या तळाला बसवलेले यंत्रही तिच्याबरोबर खाली जाते. म्हणून नौकेचे बुडणे आणि डोलणे यांची नोंद ठेवून ते हिशेबातून वजा करतात.

रुग्णशय्येजवळ ही भूमिका आम्हा डॉक्टरांची असते. १९८३ साली इटलीतील ज्युसेप्पे मान्चिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या धमनीत सूक्ष्म नळी ठेवून दाबाची अखंड नोंद केली आणि डॉक्टर खोलीत आल्यावर काय होते ते पाहिले. पहिल्या काही मिनिटांत वरचा दाब सरासरी २७ आणि खालचा १५ मिलिमीटरने चढला. दहा मिनिटांनी तो बराच उतरला. याला 'पांढऱ्या कोटाचा परिणाम' म्हणतात. दाब खरोखरच चढलेला होता, यंत्राचा दोष नव्हता. परंतु तो त्या माणसाचा नेहमीचा दाब नव्हता.

मोजणाऱ्याचा दुसरा परिणाम आकडे लिहिण्यात असतो. पाऱ्याच्या उपकरणावर दोन-दोन मिलिमीटरच्या खुणा असतात. तेव्हा शेवटी ०, २, ४, ६ आणि ८ हे अंक सारख्याच वेळा यावयास हवेत. प्रत्यक्षात शून्य फार वेळा येतो. १४० ही उपचाराची सीमा असली, की नकळत कोणी १३८ लिहितो, कोणी १४०. लंडनच्या जेफ्री रोझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली असे उपकरण मांडले की ज्यात मोजणाऱ्याला पाऱ्याची पातळी दिसतच नसे. आवाज ऐकताच कळ दाबावयाची आणि आकडा नंतर पाहावयाचा. १९७० साली 'बदलत्या शून्याचे' उपकरण आले. त्यात प्रत्येक वेळी शून्याची जागा वेगळी असे आणि ती मोजून झाल्यावरच कळे. पुढे हे उपकरण स्वतः किंचित कमी दाब दाखवते असे आढळले आणि ते मागे पडले. पूर्वग्रह टाळण्यासाठी केलेल्या साधनाचीही पारख करावीच लागते, हा त्यातून मिळालेला धडा.

आजची स्वयंचलित यंत्रे आवाज ऐकत नाहीत. ती पट्ट्यातील हवेची थरथर टिपून तिच्यावरून गणिताने वरचा आणि खालचा दाब काढतात. त्यांना शून्याचा मोह नसतो, हा लाभ. पण प्रत्येक उत्पादकाचे गणित निराळे असते आणि नाडी अनियमित असल्यास ते फसू शकते. म्हणून यंत्र बाजारात येण्यापूर्वी त्याची किमान ८५ व्यक्तींवर प्रशिक्षित निरीक्षकांच्या मापाशी तुलना करावी, आणि सरासरी चूक ५ मिलिमीटरहून व तिचा विखार ८ मिलिमीटरहून अधिक नसावा, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. सागरी सर्वेक्षणासाठीही आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेचे मानक आहे. बंदराच्या अरुंद मार्गात साधारण पाव मीटरची चूक क्षम्य, खोल समुद्रात त्याहून अधिक. चूक शून्य असावी असे दोन्ही मानके म्हणत नाहीत. चूक किती आहे हे ठाऊक असावे, असे म्हणतात.

५. एका मापावर विसंबू नये

सर्वेक्षक समांतर रेघा ओढल्याप्रमाणे नौका नेतो आणि शेवटी त्यांना छेदणाऱ्या काही आडव्या फेऱ्या मारतो. दोन मार्ग जेथे मिळतात तेथे खोली जुळली तर काम स्वीकारावयाचे, नाही तर कारण शोधावयाचे. एकाच ठिकाणी दोनदा मोजण्यात वेळ आणि इंधन जाते, परंतु नकाशाची विश्वासार्हता त्यातूनच येते.

रक्तदाबातही पुनरावृत्तीला असेच मोल आहे. दाब ठोक्याठोक्याला बदलतो. झोपेत उतरतो, जिना चढताना वाढतो. एका दिवशी ज्यांचा दाब जास्त भरला अशा शंभर जणांना निवडून महिन्याने पुन्हा मोजले, तर काही उपचार न करताही त्यांची सरासरी उतरलेली दिसते; कारण त्यांतील काही जण त्या दिवसापुरतेच वर होते. ब्रिटनमध्ये १९८५ साली पूर्ण झालेल्या, १७ हजारांहून अधिक सौम्य उच्चरक्तदाबाच्या रुग्णांच्या चाचणीत, निव्वळ निरौषध गोळी घेणाऱ्या गटाचाही दाब उतरला. तुलनेचा गट नसता, तर हे सारे श्रेय औषधाला गेले असते.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. एकदाच घेतलेल्या मापावर विसंबून अभ्यास केला, तर रक्तदाबाचा धोका आहे त्याहून कमी वाटतो, कारण मापातील चढउतार खरा संबंध पुसट करतात. २००२ साली ६१ अभ्यासांतील सुमारे दहा लाख प्रौढांची माहिती एकत्र करताना संशोधकांनी पुनर्मापनांच्या आधारे ही त्रुटी दूर केली. निष्कर्ष स्पष्ट होता : ४० ते ६९ या वयात नेहमीचा वरचा दाब २० मिलिमीटरने अधिक असेल, तर पक्षाघाताने आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण दुपटीहून वाढते. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. चुकीच्या पट्ट्याने होणारी चूकही जवळजवळ २० मिलिमीटरचीच आहे. मापनाची चूक आणि जीवनमरणाचा फरक एकाच आकाराचे असू शकतात.

२०१५ साली अमेरिकेतील 'स्प्रिंट' चाचणीत ९,३६१ रुग्णांवर वरचा दाब १२० च्या खाली आणण्याचा लाभ तपासला गेला. हृदयविकाराच्या गंभीर घटना आणि मृत्यू दोन्ही घटले. परंतु त्या चाचणीत रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवून, स्वयंचलित यंत्राने तीन मापे घेऊन त्यांची सरासरी धरली होती. घाईच्या बाह्यरुग्ण विभागात, रांगेतून आलेल्या रुग्णाचा एकदाच घेतलेला दाब त्या आकड्याशी ताडणे म्हणजे भरतीची दुरुस्ती न करता नकाशा वाचणे होय. औषध तेच असले तरी मापाची रीत बदलल्यास मात्रा चुकते आणि वृद्ध रुग्ण भोवळ येऊन पडू शकतो.

६. समुद्रातून हृदयाकडे

प्रतिध्वनीचे शास्त्र समुद्रातून कारखान्यात आले. धातूच्या ओतकामातील व सांध्यांतील तडे त्याने शोधता येऊ लागले. स्वीडनमधील लुंड येथील हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर यांना झडपांचे विकार शस्त्रक्रियेपूर्वी अचूक ओळखावयाचे होते. त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ कार्ल हेल्मुट हेर्ट्झ यांना गाठले. हेर्ट्झ यांनी माल्मो येथील जहाजबांधणी कारखान्यात धातू तपासण्याचे असे यंत्र पाहिले. पुढे असेच एक यंत्र उसने आणून ऑक्टोबर १९५३ मध्ये दोघांनी हलत्या हृदयाचे प्रतिध्वनी नोंदवले. आज 'टू-डी इको' या नावाने घराघरात ठाऊक असलेल्या तपासणीचा तो आरंभ. उच्चरक्तदाबाने हृदयाची भिंत जाड झाली आहे का, हे त्याच तपासणीत मिलिमीटरमध्ये मोजतात.

इको आणि सोनोग्राफीची यंत्रे शरीरातील ध्वनीचा वेग सेकंदाला १,५४० मीटर धरून चालतात. समुद्रातील वेग १,५०० च्या आसपास. शरीर बहुतांशी पाण्याचेच असल्याने हे आकडे इतके जवळ आहेत. चरबीत मात्र वेग १,४५० च्या जवळपास असतो, म्हणून जाड चरबीखालचे अंतर यंत्र थोडे चुकीचे दाखवते. सर्वेक्षक पाण्यातील वेग मोजून यंत्राला सांगू शकतो. शरीरात तसे करता येत नाही. तेथे तंत्रज्ञाचा अनुभव आणि पुन्हा मोजण्याची सवय, हेच उपाय उरतात.

आपल्या किनाऱ्यावर या विद्येची संस्था आहे. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोना पावला येथे आहे आणि हिंद महासागराचा तळ ध्वनीने अभ्यासण्याचे काम तेथे चालते.

७. रुग्णालयाच्या दृष्टीने

नव्या यंत्रासाठी देणगी देणाऱ्याचे नाव भिंतीवरील फलकावर लागते. जुने यंत्र दर सहा महिन्यांनी तपासून घेण्याच्या खर्चाला कोणाचेच नाव लागत नाही. तरीही आमची विनंती आहे की, उपकरणांची पारख, तीन-चार मापांचे पट्टे, पाठ टेकता येईल अशा खुर्च्या, दंडाच्या उंचीचे टेबल आणि परिचारिकांचे पुनःप्रशिक्षण या बाबींकडे विश्वस्तांनी व दात्यांनी यंत्रखरेदीइतक्याच आस्थेने पाहावे. २०१३ च्या मिनामाता करारानंतर पाऱ्याची उपकरणे जगभर मागे घेतली जात आहेत. पाऱ्याचा स्तंभ डोळ्यांना दिसे. त्याचे शून्य ढळले तर कळे. स्प्रिंगच्या किंवा स्वयंचलित यंत्राचे शून्य आतल्या आत ढळते. म्हणून पारखीची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे. रांग लांब असली तरी रुग्णाला पाच मिनिटे शांत बसू देणे, हाही उपचाराचाच भाग होय आणि त्यासाठी मनुष्यबळ लागते.

८. कुटुंबीयांसाठी सूचना

घरी रक्तदाब मोजताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

(१) यंत्र दंडावर पट्टा बांधण्याचे असावे, मनगटाचे शक्यतो नको. खरेदीपूर्वी दंडाचा घेर मोजून त्या मापाचा पट्टा घ्यावा.

(२) मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम टाळावा. लघवीला जाऊन यावे.

(३) पाठ टेकून, पावले जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे शांत बसावे. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीवर, दंड उघडा असावा.

(४) मोजताना बोलू नये. इतरांनीही रुग्णाशी बोलू नये.

(५) एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोन मापे घ्यावीत. डॉक्टरांना दाखवण्यापूर्वी सात दिवस सकाळ-संध्याकाळ असे करून दिनांक व वेळेसह लिहून ठेवावे. आकडा आवडला नाही म्हणून वगळू नये आणि पूर्ण दशकात बदलू नये.

(६) पहिल्या वेळी दोन्ही दंडांवर मोजावे. ज्यावर अधिक भरेल तोच पुढे वापरावा.

(७) घरच्या मापात सरासरी १३५/८५ किंवा अधिक असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. एखाद्या आकड्यावरून गोळी आपल्या मनाने सुरू, बंद वा कमीजास्त करू नये.

(८) दाब १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणे, धाप लागणे, एका बाजूची शक्ती जाणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काही असेल, तर पुन्हा पुन्हा मोजत न बसता तत्काळ रुग्णालयात यावे.

ही वही तपासणीच्या वेळी अवश्य सोबत आणावी. आमच्या एका मापापेक्षा आपण आठवडाभर नीट घेतलेली मापे पुष्कळदा अधिक उपयोगी पडतात.